मिशन शाळेची ख्रिस्ती मूल्यं इतिवृत्ताच्या वहीत शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चर्चच्या जुन्या, अनुदानित माध्यमिक शाळेच्या शाळा समितीवर तुम्हाला नुकतंच घेतलं आहे. तुम्ही बँकेतले, शाळेचा कारभार तुम्हाला नवा. शाळेत ख्रिस्ती मुलं मूठभर, बाकी सगळ्या जातिधर्मांची. पहिल्याच सभेत अध्यक्ष म्हणाले, ‘आपली ख्रिस्ती मूल्यं जपणं हे समितीचं पहिलं काम.’ ती जपायची म्हणजे नेमकं काय करायचं, आणि घटनेच्या कलम ३० मुळे शासनाला आपल्या कारभारात काही बोलता येत नाही हे खरं का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझी सगळी नोकरी मिशनच्या शाळांत गेली. आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, निवृत्तीनंतर संस्थेच्या कार्यालयात. त्या अनुभवावरून सांगतो. परिपाठातली प्रार्थना, नाताळचा कार्यक्रम, व्हरांड्यात रंगवलेलं वचन यांवरून शाळा कोणाची आहे ते कळतं, ती कशी चालते ते कळत नाही. त्यासाठी इतिवृत्ताची वही मागून घ्या आणि मागच्या काही वर्षांची पानं घरी नेऊन वाचा. मुख्याध्यापक कोणाला केलं, प्रवेश कोणाला नाकारला, शिक्षकावर कारवाई कशी केली, जागा कोणाला दिली आणि मुलाने तक्रार केली तेव्हा काय केलं? मूल्यं असलीच तर या पाच नोंदींत सापडतील.

आधी कलम ३० बद्दल, कारण तिथे फार गोंधळ आहे. कलम ३०(१) धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. हक्क भक्कम आहे. २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तो तपासून पाहिला आणि कायम ठेवला. आपलं नियामक मंडळ आपण नेमायचं, शिक्षक आणि प्रमुख आपण निवडायचे, संस्थेची मालमत्ता संस्थेच्या हितासाठी वापरायची, हे सगळं त्यात येतं. पण १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळीच सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की कारभाराच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती, आरोग्य, सुरक्षितता, अनुदानाचा हिशेब याबाबतचे सर्वसाधारण नियम आपल्यालाही लागू आहेत. तेव्हा ‘आम्ही मायनॉरिटी, आम्हाला कोणी विचारू शकत नाही’ हे वाक्य सभेत कानावर आलं तर समोरच्याने निकाल वाचलेला नाही असं खुशाल समजा.

शिक्षण हक्क कायद्याचं जरा वेगळं आहे. २०१४ च्या प्रमती निकालानुसार तो अनुदानित वा विनाअनुदानित कोणत्याही अल्पसंख्याक शाळेला लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी, शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात, प्रमतीबद्दल शंका व्यक्त करून मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. म्हणून ‘तो कायदा आपल्याला कायमचा लागत नाही’ असं धरून पुढच्या दहा वर्षांची आखणी करू नका. आणि कायद्याने पालकांना कारभारात घ्यायची सक्ती नसली, तरी दोन-तीन पालक शाळेच्या कामात जवळून असू द्या. त्यातले निदान एक-दोघे ख्रिस्ती नसावेत. बहुतेक मुलं ज्यांची, त्यांना आपण फक्त निकालाच्या दिवशी भेटतो, हे बरं नाही.

आता तुमचं स्वतःचं काम. आपल्याकडे तीन खुर्च्यांची सतत सरमिसळ होते. विश्वस्त मंडळ संस्थेचं धोरण, मालमत्ता आणि ओळख सांभाळतं. शाळा समिती शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवते. सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे तिच्यात व्यवस्थापनाचे प्रतिनिधी, ज्येष्ठतेच्या क्रमाने फिरता एक कायम शिक्षक आणि पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक असतात. आणि रोजची शाळा मुख्याध्यापक चालवतो. बिशपसाहेब किंवा पाळक थेट वर्गशिक्षकाला फोन करून ‘त्या मुलाला पास करा’ म्हणू लागले की तिन्ही खुर्च्या एकाच वेळी मोडतात. समितीतल्या फिरत्या शिक्षकाकडेही लक्ष द्या. बहुतेक ठिकाणी तो सही करण्यापुरता असतो, एक शब्द बोलत नाही, कारण त्याची वेतनश्रेणी समोर बसलेल्यांच्या हातात असते. त्याला नाव घेऊन विचारा, ‘सर, तुमचं काय म्हणणं?’ नव्या सभासदाला एवढं नक्की करता येतं.

अल्पसंख्याक संस्थेकडे सर्वात मोठी मोकळीक मुख्याध्यापक निवडण्याची. इतर खासगी शाळांना ज्येष्ठतेच्या यादीने जावं लागतं. महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातलं कलम ३(२) अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची निवड, आणि व्यवस्थापनाने कळवलेल्या जास्तीत जास्त तीन जणांची निवड, या कायद्यातून वगळतं. शाळेची वृत्ती ओळखून चालवणारा माणूस निवडता यावा म्हणून ही सूट आहे. प्रत्यक्षात ती कशी वापरली जाते ते मी पुष्कळ पाहिलं आहे: धर्मप्रांताच्या निवडणुकीत ज्या गटाने मदत केली त्याचा जावई, नाहीतर अमक्या भागातलं जुनं घराणं. मग स्टाफरूममधल्या ज्येष्ठ, नेमस्त, अख्रिस्ती बाईंना डावलण्यासाठी ‘मूल्यं’ पुढे केली जातात. प्रमुख ख्रिस्ती असावा असं संस्थेला वाटणं मला गैर वाटत नाही, निवडीचा तो हक्कच आहे. पण मग निकष आधी लिहा, अर्ज मागवा, मुलाखतीचे गुण नोंदवा आणि ज्याला नाकारलं त्याला कारण सांगा. निकष लिहिताना चर्चमधली उपस्थिती एवढ्यावर थांबू नका. गरीब पालकाशी तो उभ्यानेच बोलतो की खुर्ची देतो, हे मी मुलाखतीआधीच चौकशी करून ठेवत असे. उत्तर बहुधा शिपायाकडून मिळतं.

शिक्षकभरतीबद्दल उघड बोलायला हवं. अनुदानित पदाला आयुष्यभराचा शासकीय पगार असल्यामुळे पदाची बोली लागते, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि आपल्या संस्था त्याला अपवाद नाहीत. पैसे ‘इमारत निधी’ म्हणून घेतले, पावती दिली, चर्चच्याच छपरासाठी वापरले, तरी ती बोलीच. उमेदवाराकडून संस्थेसाठी कोणत्याही स्वरूपात रक्कम घेतली जाणार नाही असा एक ओळीचा ठराव मांडा. तो कोण अडवतं ते पाहिलं की तुम्हाला संस्थेचा नकाशा कळेल.

प्रवेशाकडे येऊ. या शाळा मुळात कोणासाठी निघाल्या हे विसरता कामा नये. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि नगरच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेचं काम त्यांनी पाहिलं होतं. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली त्यामागे ते पाहणंही होतं. ज्यांना दुसरीकडे दार बंद होतं त्यांच्यासाठी मिशन शाळेचं दार उघडं होतं, म्हणूनच आजही गावात तिला मान आहे. आता जूनमध्ये तुमच्या शाळेच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहा. धुणीभांडी करणारी एक बाई मुलीचा दाखला घेऊन येते. लिपिक फॉर्म पुढे सरकवत म्हणतो, ‘देणगी ऐच्छिक आहे, पण बाकी सगळ्यांनी दिलीय.’ ती फॉर्मची घडी पर्समध्ये ठेवते आणि परत येत नाही. या प्रसंगाची कुठल्याच इतिवृत्तात नोंद होत नाही. प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काबाहेर रक्कम घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच.

आपल्यातल्याच गरिबांचं काय, हाही प्रश्न समितीत यायला हवा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. त्यामुळे दलित ख्रिस्ती मुलगा त्या सवलतींना मुकतो, आणि चर्चमध्येही त्याचा बाक कधीकधी मागेच असतो. ख्रिस्ती मुलांसाठी राखीव जागा ठेवल्या असतील तर त्या कोणत्या वस्तीतल्या मुलांनी भरल्या, ते दरवर्षी बघा. सुशिक्षित, शहरात स्थिरावलेल्या घरांतलीच मुलं त्यात दिसली तर राखीव जागांचा हेतू हुकला आहे.

धर्माचा भाग लोक सर्वात महत्त्वाचा समजतात. माझ्या मते तो सर्वात सोपा आहे, फक्त लिहून ठेवला पाहिजे. घटनेचं कलम २८(३) सांगतं की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. म्हणजे प्रवेशअर्जात संमतीचा रकाना हवा, तो मराठीत हवा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाला त्या तासाला बसायला नीट जागा हवी. वाचनालय चालेल, व्हरांडा चालणार नाही. अनेक शाळांत त्या तासाला ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि उरलेली मूल्यशिक्षणाला. कायद्याने ठीक आहे, पण आठवड्यातून एकदा अख्खा वर्ग धर्मावरून उठून दोन खोल्यांत जातो हे मला कधीच आवडलं नाही. शक्य असेल तर धर्मशिक्षण शाळेच्या वेळेबाहेर, चर्चमध्ये घ्या आणि मूल्यशिक्षणाला सगळ्यांना एकत्र बसवा. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, असं स्पष्ट सांगितलं आहे. तुमची शाळा कॅथलिक नसली तरी त्या सूचना समितीपुढे ठेवायला हरकत नाही.

लिहून न ठेवल्यास काय होतं याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यांचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही. सल्लागारांचं म्हणणं, ही तटस्थता नव्हे. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. मला यात रमाबाई खोट्या वाटत नाहीत आणि रानडेही. तटस्थता म्हणजे उघडं दार की बंद दार, हे दोन्ही बाजूंनी वेगवेगळं धरलं होतं आणि पालकांची संमती घ्यायची रीत ठरलेली नव्हती. तुमच्या शाळेतही नाताळच्या नाटुकल्यात अख्रिस्ती मुलगी मरिया झाली तर पालकांना आधी विचारलंत का, असं कोणी विचारेल. होकार बहुधा आनंदाने मिळतो. पण विचारलेलं असलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगतो. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात केरळमधल्या यहोवाज् विटनेसेस पंथाच्या तीन मुलांना, राष्ट्रगीताला आदराने उभी राहत असूनही ती गात नाहीत म्हणून, शाळेने काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आपले लोक हा निकाल अभिमानाने सांगतात. मग आपल्या परिपाठात हात न जोडणाऱ्या मुलालाही तोच न्याय द्यावा लागेल.

कर्मचाऱ्यांवरच्या कारवाईत सर्वात जास्त पैसा आणि अब्रू जाते. निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी, लेखी दोषारोप, तीन जणांची चौकशी समिती (एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने नेमलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधून), हा सगळा क्रम नियमावलीत आहे. तो टाळून ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं की शिक्षक शाळा न्यायाधिकरणात जातो आणि प्रकरण गुणदोषांवर न जाता प्रक्रियेवरच सुटतं. थकलेल्या पगारासकट तो परत रुजू होतो. न्यायाचं बोलणाऱ्या संस्थेने आपल्याच माणसाचं म्हणणं ऐकून न घेणं कसं दिसतं, ते मी सांगायला नको.

जागेचं प्रकरण तुम्हाला बँकेमुळे लवकर कळेल. मिशनने मागे ठेवलेली जमीन आता शहराच्या मध्यात आलेली असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ सांगतं की विक्री, बक्षीस, अदलाबदल यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्याने द्यायची असली तरी हवी. म्हणून करार तीन वर्षांच्या आतला करतात आणि तोच पुनःपुन्हा वाढवतात. असे ठराव विषयपत्रिकेवर नसतात. शेवटचा विषय असतो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’, तोवर चहा आलेला असतो, लोक घड्याळ बघत असतात आणि मैदान लग्नसमारंभांसाठी दिल्याचा ठराव ‘सर्वानुमते’ होऊन जातो. मालमत्ता, नेमणूक आणि कारवाई हे तीन विषय आयत्या वेळी घेता येणार नाहीत, असा नियम करून घ्या. जोडीला विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे धर्मादाय कार्यालयाला तो बदल कळवणारा अर्ज, दाखल झाला होता का ते तपासा. दोन गटांच्या भांडणात तो वर्षानुवर्षं पडून असेल, तर सहीचा अधिकार नक्की कोणाचा हा वाद तुमच्या बँकेच्या खिडकीवर येणारच.

मुलाच्या तक्रारीची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. लैंगिक छळाची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ प्रमाणे त्यालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी आपली अंतर्गत चौकशी, मग बघू, अशी सवलत कायद्यात नाही. तरीही अशा वेळी बंद खोलीत काय बोललं जातं ते मी ऐकलं आहे. शाळेचं नाव जाईल. मुलीचं पुढे कसं होणार. ते प्रार्थनेचे माणूस आहेत. चूक कबूल केलीय, आपण क्षमा करणारे लोक. यातलं शेवटचं वाक्य मला सर्वात घातक वाटतं, कारण ते धर्माच्या भाषेत येतं आणि त्याला विरोध करणारा निर्दय ठरतो. क्षमा करायचा अधिकार असलाच तर त्या मुलीचा आहे. समितीचा तो विषयच नाही. आरोपी पाळक असो, क्रीडाशिक्षक असो की देणगीदार, बदली करून प्रकरण दुसऱ्या शाळेत पाठवणं म्हणजे तिथल्या मुलांना धोक्यात टाकणं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने शाळांना नेमायला सांगितलेली सखी सावित्री समिती तुमच्या शाळेत कागदावर असेल. तिची शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतं आणि किल्ली कोणाकडे असते, ते विचारा. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ती पेटी मुलांसाठी बंदच आहे.

एवढं सगळं नव्या सभासदाने एकट्याने करायचं नसतं आणि करायला गेलात तर वर्षभरात बाहेर पडाल. पहिल्या दोन सभांत फक्त कागद मागा: संस्थेची घटना, अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, भाडेकरारांची यादी. एखादा ठराव पटला नाही तर सभेतच सांगा आणि ‘माझा विरोध नोंदवावा’ असं म्हणून तो त्याच पानावर लिहिला गेला का ते पाहा. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम होतं तेव्हा वाचन थांबवून खात्री करा. नोंद गाळली असेल तर कायम करायला हरकत घ्या आणि तुमचं म्हणणं दोन ओळींत सचिवांना लेखी देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या.